मास्तरांची कंबर

आयुष्यभर दुसऱ्यांची पोटं कोटात कोंबणाऱ्या शिंपीमास्तरांना स्वतःची कंबर सापडली ती साठीत, आणि तीही स्वादुपिंडातल्या गाठीच्या कृपेने. बघता बघता अंगावरचं मांस उतरलं आणि लग्नातल्या कोटाचं बटण पुन्हा लागू लागलं. "गाठ जाईल, पण कंबर राहिली पाहिजे," असं ते गिऱ्हाइकांना सांगत. जीव टांगणीला लागलेला असताना आरशासमोर गिरक्या घेणं हा शुद्ध गाढवपणा आहे, हे त्यांना कळत होतं. पण आरसा सुटत नव्हता.

सर्जनबाईंना मात्र ती कंबर मुळीच आवडली नाही. "साखर वाढलेली, त्यात अंगात प्रथिनं नाहीत. असं ऑपरेशन केलं तर जखम भरणार नाही, आत पू होईल. आधी वजन वाढवा. ही पावडर दिवसातून तीनदा, दुधातून."

मास्तरांनी मान डोलावली. बायको पेला हातात देऊन काजं करायला वळली की पेला मोरीत रिकामा होई.

पुढच्या तपासणीला मास्तर काट्यावर चढले ते कोटाच्या खिशांत दुकानातल्या दोन जाड कात्र्या घालून. काटा खूश झाला. बाई झाल्या नाहीत. त्यांनी टेप उचलली.

"कोट काढा. दंड मोजायचाय."

गिऱ्हाइकाचं मन राखायला पोटाचं माप इंचभर कमी सांगणारे मास्तर, पण ही बाई कुणाचं मन राखणारी नव्हती. कोट खुर्चीवर टाकताना कात्र्या खणकन फरशीवर पडल्या. सोबत आलेल्या बायकोने त्या उचलून पिशवीत ठेवल्या.

"ऑपरेशन पुढे ढकलतेय," बाई म्हणाल्या. "मास्तर, विरलेल्या कापडाला टाका धरतो का?"

"नाही धरत. असलं कापड आणणाऱ्याला मी दारातूनच परत पाठवतो."

बाहेरच्या बाकावर दोघं येऊन बसली. "कात्र्यांची तब्येत तरी सुधारली," मास्तर म्हणाले.

ती हसली नाही. "सगळे म्हणतात, मास्तर बारीक झाले, छान दिसतात. तुमच्या पाठीला तेल लावताना मणके टोचतात माझ्या हाताला. मी कुणाला सांगू?"

आपण गेलो तर ही दुकानात एकटीच काजं करत बसेल, हे एकदम डोळ्यांपुढे आलं आणि मास्तरांना भीती वाटली. तिने पिशवीतून पावडर घातलेल्या दुधाची बाटली काढली. मास्तर ते पिठूळ दूध घटाघट प्याले, तोंड वाकडं केलं आणि रिकामी बाटली तिच्यापुढे धरली.

"अजून आहे का गं?"