शनिवारचा पाना

"बिल?" मोबाईलवरची नजर न काढता दुकानदार प्रफुल्लने विचारलं.

राजू मिस्त्रीने हातातला पाईप पाना काउंटरवर ठेवला. ठेवला कसला, आदळलाच. पन्नाशी उलटली तरी पांढुर्ण्यात त्याला कुणी राजेंद्र म्हटलं नव्हतं, आणि राग आला की तो अजूनही शाळेतल्या पोरासारखाच लाल व्हायचा.

"बिल तू देल्लं कुठं? तूच म्हनला न शनवारी, का सोमवारी करून देतो म्हून?"

"तसं नाही मिस्त्री. बिल नसन तं माल आमचाच हाय हे मी कसं मानू?"

"अबे, परवा तूच मले काढून देल्ला न त्या फळीवरून! पेपरात गुंडाळून!"

खिळे घ्यायला आलेल्या दोघातिघांनी माना वळवल्या. मग लगेच परत खिळ्यांकडे वळवल्या. हार्डवेअरच्या दुकानात दुसऱ्याच्या भांडणात पडलं की आपले खिळे उशिरा मिळतात, हे सगळ्यांना माहीत असतं.

राजूचं काम बोअरमध्ये पाईपांच्या टोकाला लटकलेली, बंद पडलेली मोटार वर काढायचं. एकेक पाईप वर ओढायचा, जोडावर दोन पाने लावायचे, एकाने खालचा पाईप धरायचा, दुसऱ्याने वरचा फिरवून सोडवायचा. धरणाऱ्या पान्याचे दात पक्के असले तर सगळं ठीक. राजूकडचा धरायचा पाना त्याच्या उस्तादाचा होता. जबडा सैल झालेला, पण राजूला त्याची खोड माहीत होती. अंगठ्याने जरा दाबून धरला की तो सुटत नसे. तरी मे महिना, जिकडेतिकडे मोटारी जळत होत्या, म्हणून शनिवारी त्याने नवा घ्यायचं ठरवलं.

उर्मिलाने दारातच अडवलं होतं. "शनवारी लोखंड आनू नका बाप्पा घरात."

"मी कुठं घेऊन राहिलो? पाहाले आनतो."

ही पळवाट प्रफुल्लच्या वडिलांनी, मोठ्या शेठनी, काढली होती. शनिवारी लोखंड विकत घ्यायचं नाही, पण अडलेल्याचं काम तर थांबू नये. म्हणून त्यांच्या दुकानातून शनिवारी माल 'पाहायला' जायचा आणि बिल सोमवारी व्हायचं. म्हणजे शनिदेवही खूश आणि गिऱ्हाईकही. इतक्या वर्षांत कुणाचा माल बुडाला नाही की कुणाचे पैसे. उर्मिलाचंही समाधान झालं. उलट तिनेच जुना पाना थैलीत टाकला. शनिवारी जुनं लोखंड घराबाहेर गेलेलं चांगलं असतं म्हणाली. राजूने तो दुकानात भंगाराच्या भावात देऊन टाकला.

आणि रविवारी मोहगावच्या एका शेतात नवा पाना घसरला. दात पाईपवरून सरळ सटकले. चिंधूने, म्हणजे राजूच्या कायमच्या जोडीदाराने, त्याला शर्ट धरून मागे ओढलं म्हणून निभावलं. पाहतात तर दात गुळगुळीत, आणि बोटांना लोखंडाचा बारीक भुगा लागलेला.

"पाय हे," राजूने आता जबडा प्रफुल्लच्या नाकासमोर धरला. "एका दिवसात दात गेले याचे. बुढ्याचे जात नाही असे."

"मी कुठं नाही म्हनून राहिलो? कंपनीत तक्रार टाकतो न. पन बिलाबिगर तक्रार घेत नाही सिस्टम. पयले बिल करू."

राजूने पैसे मोजून दिले. यंत्रातून बिल निघालं. प्रफुल्लने कॉम्प्युटरवर टकटक केलं आणि विचारलं, "खराब कधी झाला?"

"काल. रविवारी."

प्रफुल्लची बोटं थांबली. "मिस्त्री, बिल तं आजचं हाय."

"मंग?"

"मंग विकत घ्याच्या आधीच तुमी वापरला न. वापरेल माल वापस नाही होत. हे पाहा, मांगं छापेल हाय."

राजूला आधी हसूच आलं. गोष्ट हसण्यासारखीच होती. मग त्याने पाहिलं, की प्रफुल्ल हसत नाहीये. पोरगा मनाने वाईट नव्हता. त्याला खरंच वाटत होतं, की पडद्यावर जे दिसतं तेच घडलेलं असतं. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

"ठीक हाय. माझा जुना पाना दे मंग."

"तो तं सकाळीच भंगारवाला घेऊन गेला."

आतल्या खुर्चीवर मोठे शेठ बसले होते. त्यांना आता ऐकू येत नसे. माणूस ओळखला की ते हसायचे, एवढंच. ते राजूकडे पाहून हसले आणि म्हणाले, "कसा काय राजू? चाय घे."

राजूने पाना उचलला. त्याने चहा घेतला नाही.

बाहेर फुटपाथवर उभं राहून त्याने कंपनीच्या नंबरवर फोन लावला. हिंदीसाठी दोन दाबा, झालं. तक्रारीसाठी चार दाबा, झालं. मग गाणं वाजत राहिलं. शेवटी एक बाई आली, तिने पान्यावरच्या चिकटपट्टीचा नंबर विचारला. तो ग्रीसने कधीच पुसला गेला होता. फोटो पाठवा म्हणाली. पाठवला. उत्तर येईल, तोवर माल जपून ठेवा म्हणाली.

घरी पोचतो तर तिगावहून पुंडलिकरावांचा फोन. त्यांच्या संत्र्याच्या बागेतली मोटार बंद पडली होती. "राजू, झाडं सुकून राहिली रे. फळं गळून राहिली. आज ये."

राजूने दोन मिस्त्रींना पाना मागून पाहिला. या दिवसांत कुणाचा पाना रिकामा असतो? दुसरा घ्यावा तर आत्ताच त्या खराब पान्यापायी खिसा झटकून झाला होता, आणि गावात मिळणारा माल त्याच कंपनीचा. पुंडलिकरावांना उद्या सांगावं, तर ते आज दुसऱ्याला बोलावणार, आणि एकदा दुसरा मिस्त्री बांधावर चढला की ते शेत आपलं राहत नाही. उर्मिला म्हणाली, "नका जाऊ." तो म्हणाला, "जपून करतो." सगळेच असंच म्हणतात.

दुपारी तिगावला उन्हाने माती पांढरी पडली होती. बोअरवर लोखंडी तिपाई उभी केली, साखळी चढवली. गोणपाटाची चिंधी पाईपला गुंडाळून राजूने त्यावर पाना आवळला. चिंधू पाहत होता.

"राजूभाऊ, नोको. मले हे बरोबर नाही दिसून राहिलं."

"तू वरचा फिरव. खालचा मी धरतो."

पहिले काही जोड सुटले. राजूला धीर आला, त्याने गमतीत चिंधूला म्हटलंही, "पाय, बिल केलं त सुधरला." पुढचा जोड गंजलेला होता. चिंधूने अंगाचा भार टाकून हिसका दिला. चिंधी फाटली, पाना गरकन फिरला आणि दांडा तिपाईच्या पायावर जाऊन आदळला. मध्ये राजूचा उजवा हात होता.

तो ओरडला नाही. "मोटर धर," एवढंच म्हणाला. चिंधूने साखळी धरली. मोटार वाचली.

राजूला नागपूरला नेईपर्यंत उशीर झाला होता. तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली.

पावसाळा घरात गेला. चिंधू दुसऱ्या मिस्त्रीबरोबर जाऊ लागला. राजूच्या दारावरून जाताना त्याची मान वर होत नसे. राजूनेच त्याला जा म्हटलं होतं. पाहायला येणाऱ्यांना राजू सोमवारच्या बिलाची गोष्ट रंगवून सांगायचा, लोक हसायचे. उर्मिला मात्र तेवढ्यात आत जायची. एकदा ती चुलीपाशी रडताना दिसली.

"मीच टाकला होता न तो जुना थैलीत," ती म्हणाली. "तुमी कुठं देऊन राहिले होते. मीच देवाले शानपन दाखवाले गेली."

राजू तिच्याजवळ बसला. डाव्या हाताने त्याने चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

दसरा तोंडावर आला असताना प्रफुल्लचा फोन आला. कंपनीने त्या फोटोवरून पाना बदलून दिला होता. राजू गेला. प्रफुल्लने कागद पुढे सरकवला, "इथं सही," म्हणाला आणि मग डावा हात पेन धरताना पाहून त्याने पहिल्यांदा मान वर केली.

"मिस्त्री... हे कधी झालं?"

"बिलावरच्या तारखेले. तारीख तेवढी बरोबर जुळली पाय तुह्या सिस्टमची."

प्रफुल्ल उभा राहिला. त्याचं तोंड उतरलं होतं. नव्या पान्याकडे पाहत तो म्हणाला, "आज शनवार हाय. उद्या नेता का?"

"आन इकडं," राजू म्हणाला. "शनीले आता माह्या घरी काही काम नाही."

दसऱ्याला उर्मिलाने सगळी अवजारं घासून अंगणात गोणपाटावर मांडली. साखळी, हातोडा, करवत, फिरवायचा पाना. दरवर्षी पहिली जागा उस्तादाच्या पान्याची असे, पहिलं कुंकू त्याला. सवयीने तिने ती जागा मोकळी सोडली होती. राजूने नवा पाना आणून तिथे ठेवला. चकचकीत होता, दातांना अजून तेल लागलेलं होतं.

उर्मिलाने तो उचलला आणि रांगेच्या शेवटी नेऊन ठेवला.

"त्याचा काय दोस?" राजू म्हणाला. "यानं कोनाचं काय केलं? हा तं नवा हाय."

"लावन त्याले बी. पन मांगून."

तिने ताट घेतलं. मोकळ्या जागेपुढे बसली. मग म्हणाली, "हात द्या."

त्याने डावा पुढे केला.

"तो नाही."

त्याने उजवा हात शर्टाच्या बाहीतून काढला. घरातही तो हात बाहीतच असे. तिने तो गोणपाटावर पहिल्या जागी ठेवला, अंगठ्याला हळद लावली, कुंकू लावलं, करंगळीला लावलं, वर अक्षता टाकल्या. मग साखळीकडे वळली, मग हातोड्याकडे. एकही अवजार चुकलं नाही.

नव्या पान्यापर्यंत पोचून तिची आरती सुरू होईपर्यंत राजू उकिडवा बसून राहिला. पायाला मुंग्या आल्या, तरी त्याने तो हात जागेवरून हलवला नाही.