सबकुछमामाचं राहिलेलं गाणं

माझ्या मामाला सगळे सबकुछमामा म्हणतात, आणि त्यात कौतुक कमी, चिडवणं जास्त आहे. सत्तरच्या दशकात त्यानं सोल या अमेरिकन धाटणीच्या संगीताची एक रेकॉर्ड काढली. तिच्या पिवळ्या कव्हरच्या मागच्या बाजूला एकच ओळ आहे: सर्व वाद्ये आणि सर्व आवाज, आणि पुढे त्याचं एकट्याचं नाव. बेस त्याचा, गिटार त्याची, ऑर्गन त्याचा, ट्रंपेट त्याचा, ड्रम्स त्याचे. मागे गाणारा घोळकाही तोच आणि टाळ्यासुद्धा त्याच्याच. आमच्या घरी कुणी सगळी कामं एकट्यानं अंगावर घेतली की आई म्हणते, "झाला तुझाही सबकुछमामा." मामा तिचा सख्खा थोरला भाऊ. दोघं लग्नकार्यात एकमेकांना पाणी विचारतात, तब्येत विचारतात आणि लांबलांब बसतात.

ती रेकॉर्ड निघाली तेव्हा तिला कुत्रं विचारत नव्हतं. आता जुन्या रेकॉर्डी हुंगत फिरणाऱ्या मंडळींना ती सापडली आणि तिचा उदोउदो सुरू झाला. मला या मंडळींचा राग येतो. रेकॉर्ड दुर्मीळ आहे म्हणून त्यांना ती आवडते. मला ती आवडते कारण ती चांगली आहे. पहिलं गाणं नुसत्या बेसवर सुरू होतं, आणि तो इतका निवांत चालतो की ऐकणाऱ्याचे खांदे आपोआप खाली येतात. दुसऱ्या गाण्यात ट्रंपेटचा अख्खा ताफा आहे. मामानं तो एकाच ट्रंपेटवर, दर वेळी माइकपासून एकेक पाऊल मागे सरकत, पुन्हा पुन्हा वाजवून उभा केलाय. एका गाण्यातल्या चार सुरांसाठी तो बासरी शिकला आणि नंतर त्यानं ती कधी हातात धरली नाही. आणि गाणं! घसा फाडून ओरडता येत असूनही हा माणूस शेजारी बसून सांगितल्यासारखा गातो. विरहाचं गाणंसुद्धा तो, भाजी संपली आहे, अशा सुरात सुरू करतो आणि तिसऱ्या ओळीला आपल्या हातातलं काम थांबतं.

मी साउंड इंजिनिअर आहे. माझा स्टुडिओ एका इमारतीच्या तळघरात आहे आणि बरोबर डोक्यावर दातांचा दवाखाना. वरचं ड्रिल सुरू झालं की मला माइक बंद करावे लागतात, त्यामुळे मी लोकांच्या दाढांच्या वेळापत्रकानुसार जगते. पिवळी रेकॉर्ड नव्यानं काढायला एक कंपनी तयार झाली तेव्हा मामानं अट घातली की मूळ टेप्स साफ करून कॉम्प्युटरवर घ्यायचं काम भाचीच करेल. मला आनंद झाला. मामाला तोंडावर मात्र मी एवढंच म्हणाले, "रोज येऊन डोकं खाणार नसशील तर करते."

तो रोज आला. उजवा कान स्पीकरकडे करून खुर्चीत तिरका बसायचा. डावा कान केव्हाच गेला होता आणि उजवाही चालला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की मशीन लावा, बोलणं कळेल, पण गाणं आता थोडेच महिने ऐकू येईल. मामानं हे मला गॅस संपत आल्याचं सांगावं तसं सांगितलं.

टेप्समध्ये एक गाणं जास्तीचं निघालं. रेकॉर्डवर ते नाही. बेस आहे, ऑर्गन आहे, मामाचा तरुण आवाज आहे. ड्रम्स मात्र नाहीत. टेपवर प्रत्येक वाद्याचा वेगळा पट्टा, म्हणजे ट्रॅक, असतो; ड्रम्सचा ट्रॅक कोरा. कंपनीच्या माणसाला सोन्याची खाण सापडल्यासारखं झालं. "मॅडम, हे पाहिजेच. ड्रम्स वाजवून घ्या कुणाकडून तरी."

मामाचे हात आता थरथरतात, तेव्हा तो वाजवण्याचा प्रश्नच नव्हता. मी शहाणपणा केला. माझ्या ओळखीतला सगळ्यात चांगला ड्रमर बोलावला आणि मामाला चकित करायचं म्हणून त्याच्या नकळत वाजवून घेतलं. पोरगा अप्रतिम वाजवून गेला. दुसऱ्या दिवशी मामा खुर्चीत तिरका बसला आणि मी गाणं लावलं.

त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "चांगलं वाजवलंय. पुसून टाक."

"मामा, अरे, का?"

"पुसून टाक म्हटलं ना. आणि ते गाणं रेकॉर्डवर घ्यायचं नाही. कंपनीला सांग, टेप खराब आहे."

"मग रोज निघताना तेच एक लावायला का सांगतोस?"

त्यानं ऐकू न आल्याचं सोंग केलं. बहिऱ्या माणसाची ही एक सोय असते.

मी चिडले. चिडले की मी काम करते. बाकीच्या गाण्यांचे ड्रम्सचे ट्रॅक एकेकटे काढून साफ करायला घेतले तेव्हा एक विचित्र गोष्ट ऐकू आली. ड्रम्सच्या माइकमध्ये, ठोक्यांच्या मागे, अगदी बारीक, मामाचं गाणं होतं. वाजवताना त्याच्या हेडफोनमधून गळलेलं. म्हणजे ड्रम्स वाजवले तेव्हा गाणं आधीच गाऊन झालं होतं. ट्रंपेट झाला होता, बेस झाला होता, सगळं झालं होतं. असं कुणी करत नाही. ड्रम्स पहिले घेतात, कारण बाकीचे सगळे त्यांच्या आधारानं वाजवतात. आधी पाया, मग भिंती. मामानं छप्पर आधी घातलं होतं.

"हा काय उलटा कारभार?" मी दुसऱ्या दिवशी त्याच्या उजव्या कानात विचारलं.

"वाट बघत होतो."

"कुणाची?"

"ड्रमरची."

"मग?"

"जमलं नाही," मामा म्हणाला आणि चपला घालून निघून गेला.

संध्याकाळी मी आईकडे गेले. आई अजून शिवते. गरज म्हणून नाही, खोड म्हणून. पायाच्या मशीनवर पडदा शिवत होती. लहानपणी ती मामाबरोबर काहीतरी बडवायची एवढं मला माहीत होतं, आणि लहानपणी सगळेच काहीतरी बडवतात.

"आई, मामाचा ड्रमर कोण होता गं?"

मशीनवरचा पाय थांबला. "मी," आई म्हणाली.

मी खाली बसले. आई सांगताना पडद्याची टीप उसवत राहिली. दोघांचा बँड होता. हॉटेलांत वाजवायचे, समारंभांत वाजवायचे. लग्नानंतरही तिनं सोडलं नव्हतं. स्टुडिओ ठरला, तारखा ठरल्या, आणि तेव्हा मी पोटात होते. डॉक्टरांनी अंथरुणावरून उठायचं नाही असं बजावलं.

"दादा म्हणाला, बाकीचं आधी करून ठेवतो, ड्रम्स शेवटी घेऊ. तू झालीस ती अशक्त. तुला सोडून कुठं जाणार? महिने गेले, स्टुडिओवाल्यानं तगादा लावला. मी उठून घराबाहेर पडायच्या आत रेकॉर्ड बाजारात. आणि मागे काय छापलंय? सगळं मीच. मी म्हटलं, छान. तुला गरजच नव्हती तर आधीच सांगायचंस."

"तू ऐकलीस ती?"

"मला काय करायचंय ऐकून?"

म्हणजे कोऱ्या ट्रॅकचं कारण मी होते. अपराधी वाटलं म्हणणं नाटकी होईल, पोटातल्या बाळाचा काय अपराध. वाईट मात्र वाटलं, दोघांसाठीही. मी आईला सरळ सांगून टाकलं, "त्याचे कान चाललेत, आई. डावा गेलाय. उजवा थोडे महिने."

आईनं पडदा घडी करून ठेवला. घडी नीट झाली नाही म्हणून मोडली आणि पुन्हा केली. "कुणी मला कळवायचं असतं की नाही?" ती माझ्यावरच ओरडली. मग म्हणाली, "चल. ऐकव काय ते."

दवाखाना बंद झाला होता, वर शांतता होती. मी आईला मामाच्याच खुर्चीत बसवलं आणि पहिल्या गाण्याचे नुसते ड्रम्स लावले. ती कोर्टात साक्ष ऐकावी तशी ताठ बसली होती. कडवं संपून धृपद सुरू होताना एक ठोका जरासा लवकर पडतो. ही पिवळ्या रेकॉर्डची प्रसिद्ध गोष्ट आहे. दर गाण्यात, दर धृपदाआधी, गाणं उंबरठ्यावरून उडी मारल्यासारखं पुढे पडतं. जाणकारांनी त्यावर पानंच्या पानं लिहिली आहेत. मलाही तो ठोका भयंकर आवडतो.

"थांब," आई म्हणाली. "परत लाव."

मी लावलं.

"दुसरं गाणं."

तिथेही तो ठोका. तिसऱ्यातही.

"ही माझी चूक आहे," आई म्हणाली. "मला कधी धीर नसायचा. धृपद आलं की मी घाई करायची. दादा किती ओरडायचा. म्हणायचा, चिमे, हळू, गाडी सुटत नाहीये. त्याच्या डोक्यात घड्याळ आहे गं, त्याचा ठोका कधीच असा पडणार नाही. हे त्यानं मुद्दाम वाजवलंय. प्रत्येक ठिकाणी."

ती रडत होती आणि चिडलीही होती. "मूर्ख आहे मेला," ती म्हणाली. "तोंडानं सांगता येत नव्हतं?"

मग मी कोऱ्या ट्रॅकचं गाणं लावलं. पहिल्या ओळीला तिनं मान हलवली. "हे आमच्या दोघांचं आहे. शाळेत होतो तेव्हा केलेलं. यात मध्ये सगळं थांबतं आणि मी एकटी वाजवते." गाणं त्या जागेपाशी आलं. बेस थांबला, ऑर्गन थांबला, मामा थांबला, आणि काहीच वाजलं नाही. मग सगळे पुन्हा बरोबर एकत्र सुरू झाले. या एका गाण्यात तिची नक्कल करायला त्याचा हात धजला नव्हता.

घरी जायच्या आधी आईनं मामाला फोन लावला.

"दादा, मी वाजवणार आहे."

"काय?"

"वाजवणार आहे!"

"कुणाला बोलावणार आहेस?"

"अरे ड्रम्स! मी! ड्रम्स!"

"कोण गेलं?"

आईनं फोन माझ्या हातात कोंबला. "सांग बाई तूच. नाहीतर हा मयताला जायला कपडे घालून बसेल."

रविवारी दवाखान्याला सुट्टी असते. मामा लवकर आला, आई त्याच्याही आधी. तिनं ड्रम्सची उंची तीनदा बदलायला लावली, झांजांसारखे सिम्बल जवळ घ्यायला लावले आणि हेडफोनला नावं ठेवली. मामाला ती फक्त म्हणाली, "वाळलास." मामा म्हणाला, "तू नाही." एवढ्यावर बोलणं आटोपलं. मी मामाला काचेच्या अलीकडे माझ्याजवळ बसवलं, त्याच्या कानाला सगळ्यात चांगले हेडफोन लावले आणि टेप सुरू केली.

पहिला प्रयत्न वाईट झाला, दुसराही. आईचे हात जड झाले होते. काठी ड्रमच्या कडेवर आपटत होती. पाय मात्र पक्का होता, मशीनवर झिजलेला. तिसऱ्या वेळी तिला लय सापडली. मी मामाकडे पाहिलं. त्यानं कपाळाला आठ्या घातल्या होत्या. हेडफोन कानावर दाबला, आवाज वाढवला, आणखी वाढवला, शेवटी काढून टेबलावर ठेवला. त्याला ऐकू येत होतं ते पुरत नव्हतं. मला वाटलं, आपण उशीर केला.

मामा उठला आणि दार उघडून सरळ आत गेला.

"मामा, रेकॉर्डिंग चालू आहे!" मी माइकवरून ओरडले. त्याला ऐकू यायचा प्रश्नच नव्हता. त्यानं स्टूल ओढलं, आईच्या शेजारी बसला आणि मोठ्या ड्रमच्या कडेला तळवा टेकवला. आई थांबली नाही. तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मामानं दोन-चार ठोके तळहातावर घेतले, मान डोलावली आणि गायला लागला.

टेपवरचं गाणं आईच्या हेडफोनमध्ये होतं, त्याला ते ऐकू येत नव्हतं. तो नुसत्या तिच्या ड्रम्सच्या आधारानं गात होता. मला इकडे दोन्ही ऐकू येत होते, तरुण मामा आणि म्हातारा मामा. म्हाताऱ्याचा आवाज चिरकत होता, आणि तो सगळ्या माइकमध्ये शिरत होता. इंजिनिअर म्हणून सांगायचं तर ते रेकॉर्डिंग फुकट गेलं होतं. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

गाणं त्या जागेपाशी आलं. मामा थांबला. आईनं एकटीनं वाजवलं, आणि मामानं दुसरा हातही ड्रमवर ठेवला. मग दोघं बरोबर एकत्र पुढे गेली.

संपल्यावर आईनं काठ्या मांडीवर ठेवल्या. धाप लागली होती. तिनं त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "कसं झालं?"

"सिम्बल ऐकू आले नाहीत," मामा म्हणाला. त्यानं हात अजून काढला नव्हता. "कंटाळा आला होता गं मला, एकट्यानं वाजवून."

आईनं हेडफोन नीट केले, काठ्या उचलल्या आणि परत घेऊ का, असं हातानं विचारलं.

"घे," मामा म्हणाला.

मी गाणं सुरुवातीला नेलं.