पोपने पळवलेले दहा दिवस

"ऑक्टोबर १५८२ काढा!" आयुष्यबाबांनी हुकूम सोडला आणि हॉलमधल्या दोनशे माणसांची बोटं फोनमधल्या कॅलेंडरवर चालू लागली. चार तारखेनंतर थेट पंधरा! मधल्या दहा तारखा गायब. "अगं बाई!" सगळा हॉल चाट पडला. पहिल्या रांगेत एक इंजिनिअरसाहेब होते, सगळ्यात मोठा आ त्यांनीच वासला.

"पोप तेरावे ग्रेगरी!" बाबा डोळे मिटून म्हणाले. "त्यांनी मानवजातीचे दहा दिवस कुलूपबंद केले. ते मी परत देतो. माझ्या शिबिराच्या या दहा दिवसांत काळ थांबतो, रोगही थांबतो. मग औषध कशाला?"

चारशे वर्षांपूर्वीचा तो पोप बाबांच्या व्हिडिओंमुळे आता घराघरात पोचला होता. आमच्याही.

माझी ताई तिसऱ्या रांगेत होती. तीन दिवस तिने इन्सुलिन घेतलं नव्हतं. ओठ सुकलेले, हातातली पाण्याची बाटली सुटत नव्हती. माझं डोकंच फिरलं.

मी कॅलेंडरच्या छापखान्यात मुद्रितं तपासते. आम्ही आधी वार बघतो, मग तारखा. वार घसरला की अख्खा महिना बोंबलतो.

मी उभी राहिले. "बाबा, त्या चार तारखेला वार कोणता?"

"काळाला वार नसतो, बाई."

"कॅलेंडरला असतो. चारला गुरुवार. इंजिनिअरसाहेब, पंधराला काय दिसतं?"

ते फोनमध्ये बघून पुटपुटले, "शुक्रवार."

"म्हणजे गुरुवारी झोपलेला माणूस शुक्रवारीच उठला. हरवलं काय? जुन्या कॅलेंडरने वर्ष सुमारे अकरा मिनिटांनी लांब धरलं होतं. शतकानुशतकं चूक साठत गेली, ऋतू आणि तारखा जुळेनात. पोपने जाणकारांकडून दहा तारखा गाळून ती दुरुस्त करून घेतली. तुमच्या फोनमधली आजची तारीखही त्याच दुरुस्तीची. एवढं मोठं काम, आणि या गृहस्थाने त्याचं दुकान मांडलं!"

"नास्तिक!" बाबा किंचाळले.

ताई रडवेली झाली. "पण माझा आजार थांबला होता ना गं?"

"शरीर कॅलेंडर बघत नाही, ताई. चल."

दवाखान्यात तिची साखर पाचशेच्या वर निघाली. सलाईन लावताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उद्या आणली असती तर बेशुद्धच आणली असती."

पोपने कागदावरचे आकडे बदलले, कुणाच्या आयुष्यातला दिवस घेतला नाही. माझ्या बहिणीचे तीन दिवस बाबाने घेतले, वर टाळ्याही घेतल्या. फोनमध्ये अद्भुत काही दिसलं तर खुशाल थक्क व्हा, पण जाणकाराला 'का?' असं विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत औषध चालू ठेवा.