सासऱ्यांच्या तळहाताचा क्लच

माझ्याकडे अकरा वर्षं पुण्याचं लायसन्स आहे आणि मला गाडी येत नव्हती. यात लाजण्यासारखं काही नाही. आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत सरांच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक होते, त्यामुळे महिनाभर गाडी तेच चालवत होते आणि मी स्टिअरिंग धरून बसत होते. आरटीओच्या परीक्षेतही मी उत्तम बसले होते.

हे नुसतं बसणं आयर्लंडमध्ये चाललं नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये मला लिमरिकच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी मिळाली. एक एप्रिलला रुजू व्हायचं होतं, पाळी सकाळी सातची, आणि आमच्या गावातून पहिली बस नऊची. नवरा सारंग खुद्द एसटी ड्रायव्हरचा मुलगा. पण गाडीत बसला की ओकतो, म्हणून त्यानं कधी चाक धरलंच नाही. लॉकडाउनमुळे टेस्टच्या तारखा तुंबल्या होत्या. हॉस्पिटलचं पत्र दाखवलं म्हणून मला बावीस मार्च मिळाली. नापास झाले असते तर पुढची तारीख ऑगस्टमध्ये, आणि नोकरी दुसऱ्याच्या पदरात. चार वर्षं घरात बसून माझं डोकं फिरायची वेळ आली होती. मला ती नोकरी हवीच होती.

शिकवायला नोरीन नावाची बाई होती. मी क्लच सोडला की गाडी गचका खाऊन बंद पडायची आणि नोरीन म्हणायची, "यू आर ग्रँड!" इथे सगळंच ग्रँड असतं, बंद पडलेली गाडीसुद्धा. टेस्टला पंधरा दिवस राहिले आणि नोरीनच्या घरात कोविड शिरला. ती घरात बंद, माझे धडे बंद.

आमच्याकडे गाडी नव्हती. मग बाबा पुढे सरसावले. बाबा म्हणजे माझे सासरे बाळासाहेब, कराड डेपोत बत्तीस वर्षं ड्रायव्हर. तीन महिन्यांसाठी आले आणि लॉकडाउनमध्ये वर्षभर अडकले. वर्षभरात त्यांनी माझ्या स्वयंपाकघरातली प्रत्येक प्रेस, म्हणजे इथल्या भाषेत कपाट, तीनदा लावली होती. खरं सांगते, मी त्यांना वैतागले होते.

"हिकडं बस," त्यांनी सोफा दाखवला. माझ्या हातात स्टिअरिंग म्हणून स्टीलचं ताट दिलं, डाव्या बाजूला गिअर म्हणून लाटणं उभं केलं. आणि स्वतः समोर पाटावर बसून उजवा तळहात माझ्या डाव्या पायापुढे धरला.

"ठिव पाय."

"कुठे?"

"हातावर. ह्यो क्लच."

"बाबा, काहीतरीच काय! तुमच्या हातावर पाय कसा ठेवू?"

"मी आता सासरा न्हाई, क्लच हाय. दाब."

सारंग आतून मीटिंग म्यूट करून ओरडला, "अगं, दाब ना! नोकरी करायचीय ना?"

मी पाय टेकवला आणि त्याच क्षणी माझा उजवा हात ताट सोडून कपाळाला गेला. लहानपणापासूनची सवय, कुणाला पाय लागला की हात आपोआप जातो. बाबांनी तिकडे लक्ष दिलं नाही. मी पाय हळूहळू उचलायला लागले आणि त्यांचा हात पायाला चिकटून वर येत राहिला. एका जागी तो थरथरायला लागला, आणि बाबा तोंडानं म्हणाले, "हूंऽऽ."

"हितं गाडी बोलती. हितं थांबायचं. ती बोलली की हँडब्रेक सोडायचा, मग बाकीचा पाय सोडायचा. पर हितंच मुक्काम ठोकायचा न्हाई, प्लेट जळती."

घाई केली की ते "फट!" म्हणायचे आणि मान टाकायचे. म्हणजे गाडी मेली. पहिल्या दिवशी त्यांनी चाळीस वेळा मान टाकली. बाराव्या दिवशी एकदाही नाही. नमस्कार मात्र दर वेळी होत राहिला. कुणाला ते खटकलं नाही, मलाही नाही.

बावीस मार्चला नोरीननं खिडकीतून किल्ली टाकली. परीक्षक उंच होता. मास्क, मांडीवर फॉर्म, गाडीच्या सगळ्या काचा उघड्या. मी क्लच दाबला, डाव्या हातानं गिअर टाकला आणि उजवा हात कपाळाला लावला. एक हात गिअरवर, एक कपाळावर, स्टिअरिंग रामभरोसे.

इथली माणसं चर्च दिसलं की गाडीतूनच छातीवर क्रूस करतात. परीक्षकानं वाकून बाहेर चर्च शोधलं. बाहेर पेट्रोल पंप होता. त्यानं फॉर्मवर एक खूण केली.

सिग्नलला दुसरा नमस्कार, दुसरी खूण. वळणावर तिसरा. एकाच प्रकारच्या चार चुका झाल्या की नापास, हे नोरीननं मला पढवलं होतं.

आणि समोर चढ आला. वर थांबायची पाटी, मागे दुधाचा टँकर. मी थांबले, हँडब्रेक ओढला, पहिला गिअर टाकला, दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळलं. पाय वर यायला लागला. गाडी "हूं" म्हणाली. उजवा हात असा शिवशिवायला लागला की सांगता सोय नाही. डोळ्यांसमोर बाबांचा तळहात, त्यावर माझ्या टाचेचा लाल वळ. मी मोठ्यानं म्हणाले, "बाबा, माफ करा!"

"सॉरी?" परीक्षक दचकला.

"नथिंग," म्हणत मी डावा हात क्षणभर खाली नेऊन हँडब्रेक सोडला. उजवा हात स्टिअरिंगवर गच्च. गाडी लोण्यासारखी वर चढली. त्याचं पेन हललं नाही.

संध्याकाळी ईमेल आला. स्टिअरिंगच्या रकान्यात तीन चुका. क्लचचा रकाना कोरा. पास.

सारंग नाचला. बाबा मात्र तो कोरा रकाना चष्मा लावून बघत राहिले, स्क्रीनवर बोट ठेवून. वर्षभर या माणसाला मी अडचण समजत होते. मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर ते झटकन मागे सरले.

"आता पाया पडायचं न्हाई."

"का बाबा?"

"ड्रायव्हर ड्रायव्हरच्या पाया पडत नस्तो. घाटात समोरून दुसरी गाडी आली की आमी काय करायचो? असं." आणि त्यांनी कोपरातून हात वर केला, बोटं सैल, मान ताठ.

एक एप्रिलला सव्वासहाला मी नुकतीच घेतलेली जुनी गाडी बाहेर काढली. बाबा स्वेटर घालून फाटकाशी उभे होते. त्यांनी हात वर केला. मीही केला.