उतरता खांदा

गल्लीतलं कुत्रं ओळखीच्या माणसावर भुंकत नाही. ओळखीचा म्हणजे भला, असं त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

*

"वाघाच्या छापाचं दोऱ्याचं रीळ द्या." वाघाचंच का? "बघितलेलं आहे ना!"

*

"नाव ऐकल्यासारखं वाटतंय," म्हणत लोक एकाला निवडून देतात. कुठल्या भानगडीत ऐकलं होतं, ते मागाहून आठवतं.

*

पाच माणसं भिंतीकडे तोंड करून उभी आहेत.

*

पोलीस चौकीत त्या पाच पाठींसमोर शिंपी मास्तर उभे होते. संध्याकाळच्या गर्दीत कुणीतरी त्यांच्या मुलीची पर्स हिसकावून तिला ढकललं होतं. तिचं डोकं पायरीवर आपटलं आणि डावा कान कायमचा गेला. मास्तरांनी दुकानाच्या दारातून पाहिली ती फक्त पळणारी पाठ.

"घाई करू नका," फौजदार म्हणाले. "पाठ बघून माणूस ओळखणं सोपं नसतं."

मास्तर गालात हसले. साहेब, आमचा धंदाच पाठीचा! गिऱ्हाईक आरशात तोंड बघत असतं तेव्हा शिंपी मागे उभा असतो. रस्त्यात कुणी नमस्कार केला तर मास्तर ओशाळून मान हलवत, तोच माणूस पुढे गेला की म्हणत, "अरे, हा तर पोक काढून चालणारा बँकवाला!"

तिसऱ्या पाठीशी नजर अडकली. डावा खांदा बोटभर उतरता. हे खांदे पाहिलेत. नक्की पाहिलेत. आणि त्या दिवसांत मास्तरांच्या डोक्यात एकाच संध्याकाळला जागा होती, त्यामुळे पाहिलेलं सगळं तिथेच जाऊन बसत होतं.

"हाच."

"यानेच ढकललं?"

"म्हणजे काय! झोपेतून उठवा, तरी सांगेन."

फौजदार खूश झाले. असा न अडखळणारा साक्षीदार लाखात एक. गल्लीतही मास्तरांचा भाव वधारला. "मास्तरांची नजर म्हणजे नजर," असं तेही लोक म्हणू लागले ज्यांच्या पँटी त्यांनी आखूड करून ठेवल्या होत्या.

*

खटला उभा राहायच्या आदल्या दुपारी परगावची एक बाई दुकानात आली. हातात राखाडी कोट.

"मास्तर, हा उद्यापर्यंत शिवणीत आत घ्याल? भावाचा आहे. आत तुमच्या दुकानाच्या नावाची पट्टी दिसली, म्हटलं शिवणाऱ्याच्याच हाती द्यावा."

"भाऊ नाही आला? माप लागेल."

"तो कसा येणार? कोठडीत आहे. नुसती हाडं राहिलीत." तिने आवाज खाली आणला. "कुठल्याशा दुकानदाराने म्हणे पाठ बघून ओळखलं. पाठ बघून! मेल्याचे डोळे काढून कवड्या बसवायला हव्यात."

मास्तरांनी कोट उलटा केला. बोटं आपसूक डाव्या खांद्यात गेली. तिथे अस्तराखाली कापसाची एक पट्टी जास्त होती. उजवीकडे नव्हती. उतार लपवायला ही युक्ती मास्तर करत; टाकेही त्यांचेच, तिरके, जवळजवळ.

मग सगळं आठवलं. याच आरशापुढे तो उभा होता. मागे मास्तर, तोंडात टाचण्या.

"उद्या सकाळी न्या, ताई," ते कसेबसे म्हणाले.

*

"अहो, खांदा ओळखलात ना? मग झालं तर!" मास्तरीणबाई काज करता करता म्हणाल्या.

"अगं, ओळखला तो इथला. त्या संध्याकाळचा नव्हे."

"कशावरून? इथे कोट शिवणारा तिथे पर्स मारत नाही?"

"मारतही असेल. पण मी पाहिलं, असं मला आता म्हणता येत नाही."

बाईंनी सुई ठेवली. "आता शेपूट घातलंत तर लोक म्हणतील, मास्तरांना पैसे चारले. आणि पोरीला काय सांगणार? माणूस चुकला, बाई, तुझं तू बघ?"

 मास्तरांनी मशीन पुढे ओढलं. कोट दोन्ही बाजूंनी आत घेतला. डाव्या खांद्यात आणखी एक पट्टी घातली, काळजीपूर्वक, कुणाला टाका दिसणार नाही अशी. तेवढंच आपल्या हातात आहे, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. इस्त्री करेपर्यंत वाक्यही तयार झालं होतं: माझी खात्री नाही, साहेब. चार शब्द. चार शब्दांना काय लागतं?

*

कोर्टात कोट झकास बसला होता. दोन्ही खांदे एका ओळीत. मास्तरांनी त्या माणसाकडे समोरून पाहिलं, आणि त्यांना तो कुणी परकाच वाटला. त्याने मात्र मास्तरांना ओळखलं. अंगात त्यांच्याच हातचा कोट असल्याने असेल, तो जरासा हसला. ओळखीचा माणूस भेटला की हायसं वाटतं तसा.

"आरोपीला ओळखता?" सरकारी वकिलांनी विचारलं.

मास्तरांनी मागे वळून पाहिलं. बाकावर मुलगी बसली होती. बाबा काय सांगतात ते नीट ऐकू यावं म्हणून तिने मान वळवून उजवा कान पुढे केला होता.

"हाच," मास्तर म्हणाले.

"पूर्ण खात्री आहे?"

"पहिल्या नजरेत ओळखलं होतं."

हे खरंच होतं.

*

तो कोट त्या माणसाने नोकरीच्या मुलाखतीसाठी शिवून घेतला होता, आणि नोकरी त्याला मिळाली होती; म्हणून कोर्टात यायलाही त्याने तोच मागवला होता.