तोडी लावायचा राहिला

मित्रांनो, जुन्या वस्तूनं आपली कहाणी सांगताना गोड बोलावं अशी रीत आहे. छत्री गोड बोलते, खुर्ची गोड बोलते, फाटकं पुस्तकसुद्धा गोड बोलतं. मला ते जमणार नाही. मी एक जुना ॲम्प्लिफायर आहे आणि माझ्या मनात राग आहे. राग निघून गेल्यावर बोलावं असं ठरवलं होतं, पण तो काही निघत नाही. म्हणून तसाच बोलतो.

ॲम्प्लिफायर म्हणजे आवाज मोठा करणारी पेटी. गाणं माझं नसतं. ते दुसरीकडून येतं, मी त्याला बळ देतो आणि माझ्या दोन बाजूंचे स्पीकर ते खोलीत सोडतात. माझा जन्म नागपूरला, सीताबर्डीतल्या एका दुकानाच्या माडीवर झाला. एका कारागिरानं माझी एकेक तार हातानं जोडली, दोन्ही बाजूंना सागवानी फळ्या लावल्या आणि समोर तीन बटणं बसवली. एक आवाजाचं, एक खर्जाचं आणि एक ट्रेबलचं. ट्रेबल म्हणजे उंच, बारीक स्वर. हे तिसरं बटण लक्षात ठेवा.

मला विकत घेतलं शामसुंदर यांनी. ते भिलाईच्या पोलाद कारखान्यात, रोलिंग मिलमध्ये काम करत. नागपूरहून भिलाईशेजारच्या दुर्गपर्यंत रेल्वेत त्यांनी मला चादरीत गुंडाळून मांडीवर आणलं. शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी, कमलिनीबाई, म्हणाल्या, "खाली ठेवा ना जी, पाय अवघडतील तुमचे." शामसुंदर म्हणाले, "पाय अवघडू दे. याले धक्का नको." एवढं कौतुक पुढं कधी माझ्या वाट्याला आलं नाही, म्हणून ते मी जपून ठेवलं आहे.

कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर ६ मधल्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत माझी जागा ठरली. रात्रपाळी करून शामसुंदर सायकलनं घरी येत, आंघोळ करत आणि माझ्यासमोर चहा घेऊन बसत. त्यांच्याकडं सारंगीवरचा एक तोडी होता. सकाळचा राग, हळूहळू उलगडणारा, तासाभराचा. आधी कॅसेटवर होता, मग त्यांनी त्याची सीडी आणली. मिलमध्ये रात्रभर लोखंडाचे दणके ऐकून आलेला हा माणूस तो आलाप ऐकत असा बसे, की चहा गार झालेला त्याला कळत नसे. आवाज अगदी बेताचा, कारण आतल्या खोलीत त्यांचा लहानगा धनंजय झोपलेला असे. सगळी बटणं तेव्हा सरळ मध्यावर असत. मिलमधले त्यांचे सोबती देवराव कधी बरोबर आले तर माझ्याकडं बोट दाखवून म्हणत, "या डब्यात तू खरा माणूस बसवला आहे का रे?"

मिलमध्ये कामगारांना कानात घालायला स्पंजचे पिवळे बोळे मिळत. शामसुंदर ते घालत नसत. "कान बंद करून काम होते का? क्रेनचा भोंगा कसा ऐकू येईन?" असं ते म्हणत. त्यांचं म्हणणं चूक होतं, पण तसं म्हणणारे ते एकटे नव्हते. बोळ्यांची कोरी पाकिटं ते घरी आणत आणि धनंजयसाठी ठेवत. दिवाळीत फटाके सुरू झाले की पोराच्या कानात बोळे. मैदानात मांडव पडला, भोंगे लागले आणि पोराची परीक्षा असली की पुन्हा बोळे. स्वतःच्या हातानं, हलक्या बोटांनी घालत. "माझे कान तर मिलचे झाले, याचे याले राहू दे," असं म्हणून हसत. मीही तेव्हा त्याला थट्टाच समजत होतो.

मग ट्रेबलचं बटण सरकू लागलं. आधी मध्यापासून किंचित उजवीकडं. पुढं आणखी थोडं. धनंजय कॉलेजात गेला, नोकरीसाठी हैदराबादला गेला, शामसुंदर निवृत्त झाले, आणि बटण दरवर्षी थोडं थोडं उजवीकडं जात राहिलं. बारीक स्वर त्यांना कमी ऐकू येत होते, म्हणून ते वाढवत होते. घरात हे आधी मला कळलं. पण पेटीला कोण विचारतो? बोलण्यात मात्र ते कुणाला सापडत नसत. मिलच्या गोंगाटात समोरच्याचं तोंड पाहून बोलणं ओळखायची सवय त्यांना होती. तुम्ही बोललात की ते ओठांकडं बघत आणि बरोबर उत्तर देत. सारंगीला ओठ नसतात. तिच्यासमोर त्यांची ही हुशारी चालत नव्हती.

धनंजय हैदराबादहून आला तो महिनोन्‌महिने घरूनच काम करायला. चांगला मुलगा आहे तो, हे मी कबूल करतो. वाईट असता तर मला इतकं लागलं नसतं. त्यानं माझी धूळ पुसली, एक चपटा डबा मला जोडला आणि म्हणाला, "बाबा, अब सीडी-वीडी कुछ नहीं. सगळं गाणं नेटवरून येणार, एकदम हाय रिझोल्यूशन. तुम्ही स्टुडिओत बसल्यासारखं वाटेल." कॅसेट आणि सीडी त्यानं पोत्यात भरून कबाडीवाल्याला दिल्या. तो तोडीही त्याच पोत्यात गेला. शामसुंदर दारात उभे राहून पाहत होते. पोराचा उत्साह मोडायचा कसा, म्हणून त्यांनी अडवलं नाही.

मग सुरू झाली निवड. असं गाणं पुरवणाऱ्या सेवा एक नाही, तीन. पहिलीत तो तोडी होता, पण दर्जा साधा. दुसरीत दर्जा उंच, पण तोडीचे तुकडे पाडलेले, दोन तुकड्यांच्या मध्ये आवाज खटकन तुटे. तिसरी म्हणे सगळ्यात शुद्ध, पण आपल्याकडं ती सरळ मिळत नाही, परदेशातल्या मित्राकडून जमवायची. प्रत्येकीचा फुकट चाचणीचा काळ असे. तो संपला की दुसरी, दुसरी संपली की नव्या नावानं पुन्हा पहिली.

या काळात माझ्यातून एकही गाणं पूर्ण वाजलं नाही, मित्रांनो. एकाच गाण्याची सुरुवातीची ओळ या सेवेवर, तीच ओळ त्या सेवेवर, पुन्हा या, पुन्हा त्या. मी गाण्याची पेटी राहिलोच नाही, तपासणी नाका झालो. धनंजय विचारे, "बाबा, पहिलं चांगलं की दुसरं?" शामसुंदर पोराच्या चेहऱ्याकडं पाहत. तो कशावर खुश दिसतो ते ओळखत आणि म्हणत, "दुसरं. दुसरं जास्त साफ आहे." की धनंजय उड्या मारे. "देखा! बाबांनाही फरक कळतो!" आणि चाचणी आणखी लांबे.

एका सकाळी धनंजय बाहेर गेला असताना शामसुंदर आणि कमलिनीबाई कानाच्या डॉक्टरकडून परत आले. माझ्यासमोरच्या खुर्च्यांवर दोघं बसले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गेलं ते येणार नाही आणि उरलेलंही विरत जाईल. शामसुंदर म्हणाले, "धनूले नको सांगजो. बोळ्यांची गोष्ट त्याले आठवली तर जन्मभर मनाले लावून घेईन."

कमलिनीबाईंनी डॉक्टरांचा कागद घडी करून कपाटात ठेवला.

"मले फक्त एक पाहिजे," ते म्हणाले. "कान आहेत तोवर एकदा तो तोडी ऐकायचा आहे. पूरा. आलापापासून."

त्या दिवसापासून कमलिनीबाई पोराच्या मागं लागल्या. कारण सांगायची बंदी होती, म्हणून नुसतंच म्हणत. "बाबू, कोणतं बी लाव ना. तुझ्या बाबाले तोडी ऐकायचा आहे."

"आई, रुक ना. तो वाला हाय-रेझमध्ये भेटून नाही राहिला अजून."

"साध्यात लाव."

"साध्यात काय ऐकायचं? असं ऐकून ऐकून कान बिघडतात."

हे वाक्य त्यानं बापासमोर उच्चारलं. शामसुंदर हसले. कमलिनीबाई स्वयंपाकघरात निघून गेल्या. त्या क्षणी मला बोलता आलं असतं तर मी काय बोललो असतो, ते मुलांसमोर सांगण्यासारखं नाही.

देवराव अधूनमधून येत. त्यांचेही कान मिलनंतर यथातथाच, त्यामुळं बोलणं मोठ्यानं. एकदा त्यांनी धनंजयला हटकलं, "कावून रे, पोरगी पाहून राहिला का तू? हिचं नाक, तिचा रंग, तिसरीची उंची! एक पसंत कर अन् लाव ना बाप्पा."

"काका, एकदा घ्यायचं तर बेस्टच घ्यायचं ना."

"तोवर म्हातारे राहतीन का तुझ्यासाठी?" देवराव म्हणाले. सगळे हसले आणि चहा आला.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. ट्रेबलचं बटण उजवीकडं पार टोकाला जाऊन टेकलं. त्यापुढं ते फिरत नाही. शामसुंदर तरी एखाद्या दुपारी येऊन ते चिमटीत धरत आणि आणखी फिरवून पाहत.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी धनंजयनं जाहीर केलं, "फायनल!" तिसरी सेवा जमली होती. तोडी सापडला होता, अखंड, सर्वोच्च दर्जाचा. त्यानं खुर्ची मोजूनमापून दोन स्पीकरांच्या मधोमध ठेवली आणि बाबांना बसवलं. माझं ट्रेबल टोकाला गेलेलं पाहून म्हणाला, "हे असं नाही ठेवायचं बाबा, ओरिजिनल आवाज बिघडतो," आणि बटण मध्यावर आणलं. आवाजही बेताचाच ठेवला. मग म्हणाला, "अब आँखें बंद करा. डोळे मिटून ऐका."

शामसुंदरांनी डोळे मिटले. कमलिनीबाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

तंबोरा सुरू झाला. त्यावर सारंगीचा पहिला स्वर आला. मित्रांनो, मी आयुष्यात इतका साफ वाजलो नव्हतो. गजाचं घासणं, वाजवणाऱ्याचा श्वास, सगळं खोलीत उभं राहिलं. धनंजयच्या अंगावर काटा आला होता. आलाप चढत गेला. शामसुंदर दोन्ही हात मांडीवर ठेवून, डोळे मिटून शांत बसले होते. बराच वेळ बसले. मग त्याच स्थितीत हळूच म्हणाले, "लाव ना रे. कावून थांबला?"

धनंजय उठला आणि माझ्या मागं येऊन तारा तपासू लागला. तारा ठीक होत्या. शामसुंदरांनी डोळे उघडले, पोराचा चेहरा पाहिला आणि त्यांना सगळं समजलं. घाईघाईनं ते म्हणाले, "हो, हो. मस्त आहे. दुसरं चांगलं आहे. दुसरंच घे."

त्या दिवशी दुसरं काही नव्हतंच.

कमलिनीबाई म्हणाल्या, "तारा बरोबर आहेत, धनू. कान गेले त्यांचे. डॉक्टरनं सांगितलं होतं. तुले सांगू नको म्हणाले, म्हणून मी रोज नुसती लाव लाव करत होती." त्यांचा आवाज चढला नाही. "तुले तो बारीक फरक ऐकू येते ना? कावून येते? मिलचे बोळे यांनी कधी स्वतःच्या कानात घातले नाहीत. तुझ्या कानात घातले."

धनंजय जमिनीवर बसून रडला. मी वाजतच होतो. मला बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

पुढचं सांगायला मला लाज वाटते, पण ऐका. दुसऱ्या दिवशी धनंजय फोन घेऊन बाबांजवळ बसला. "बाबा, कानाच्या मशीनमध्ये पण खूप कंपन्या आहेत. तीन शॉर्टलिस्ट केल्या मी. ट्रायल देतात..." कमलिनीबाईंनी त्याच्या हातातला फोन काढून घेतला, माझ्या डोक्यावर पालथा ठेवला आणि म्हणाल्या, "चप्पल घाल. आत्ता दुर्गले जायचं आहे." संध्याकाळी मशीन घरी आलं.

आता शामसुंदरांना बोलणं ऐकू येतं. देवरावांशी भांडण चांगलं रंगतं. पण त्या मशीनमधून सारंगी पत्रा घासल्यासारखी ऐकू येते, म्हणून माझ्यासमोर ते बसत नाहीत. धनंजयनं वर्षभराची सेवा घेऊन ठेवली आहे. तोडी तिथं आहे, अखंड, सर्वोच्च दर्जाचा. तो लावायला कुणी माझं बटण फिरवत नाही.

म्हणून, मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. मला धूळ लागू दे, हवं तर मलाही त्या पोत्यात भरा. फक्त तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस "लाव ना" म्हणालं, तर जे हाताशी असेल ते लावा. साधं असलं तरी लावा, मध्ये तुटत असलं तरी लावा. चांगलं कोणतं, ते तुमचे कान शाबूत आहेत तोवर तुम्ही सावकाश ठरवा.