चांदणी दिसेपर्यंत

गुणमालानं मोजून बारा पदार्थ केले होते. नाताळच्या आदल्या संध्याकाळी पोलंडात घरोघरी बारा पदार्थ लागतात आणि मटण चालत नाही, असं तिकडून आलेल्या झोशानंच सांगितलं होतं. मटणाचं ऐकून सासूबाई, बयाबाई, खूश झाल्या होत्या. "शाणी मान्सं हायत," म्हणाल्या.

समडोळीच्या या जैन घरात झोशाला पाच महिने झाले होते. गुणमालाची लेक ब्राह्मी तिकडं झोशाच्या घरी, झोशा इकडं ब्राह्मीच्या खोलीत, अशी वर्षभराची अदलाबदल. कॉलेज सांगलीला.

सव्वापाचला पानं मांडली. दिवस मावळला की या घरात अन्नाचा कण कुणाच्या तोंडात जात नाही. दोडका, घेवडा, कढी, पुरणपोळी आणि मधोमध गव्हाची खीर. झोशाच्या घरी तीत मध घालतात. इथं मध वर्ज्य, म्हणून गूळ.

झोशा पानावर बसली आणि हात मांडीवर ठेवून तशीच राहिली.

"खा की गं," गुणमालाचा नवरा धन्यकुमार म्हणाला. "मावशीनं पहाटेपासून चूल सोडली न्हाई."

"छान आहे सगळं, काका."

"न खाताच कळलं व्हय तुला?" बयाबाई म्हणाल्या. "आमचं गवताळ खाणं आवडत न्हाई, असं सांग सरळ."

गुणमालानं तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. सकाळी दिलेला डबाही भरलेला परत आला होता. "बरं वाटत न्हाई का?"

झोशानं नाही म्हणून मान हलवली. अडखळत, जुळवत बोलली. आमच्याकडं या दिवशी सकाळपासून उपाशी राहतात, मावशी. बाबा खिडकीत उभे असतात. आकाशात पहिली चांदणी दिसली की मगच सगळे एकत्र बसतात. तोवर कुणी खात नाही. आणि एक ताट रिकामं मांडतात, न बोलावता कुणी आलं तर त्याच्यासाठी.

"मग आदी का न्हाई बोललीस?" गुणमाला म्हणाली.

"तुम्ही रात्री खात नाही ना."

गुणमालाला दिवाळीतला ब्राह्मीचा फोन आठवला. झोशाच्या आईनं ऑफिसातून लवकर येऊन सगळ्या घराचं जेवण उजेडात उरकलं होतं, का, तर परक्या पोरीला एकटीला जेवायला लागू नये. ते ऐकून आपण गल्लीभर सांगत फिरलो. आणि इथं? पाहुणचार म्हणजे आपलं ते दुसऱ्याच्या ताटात वाढायचं, त्यानं बोटं चाटली की आपण थोर. पाच महिन्यांत एकदा तरी विचारलं का, बाई, तुमच्यात कवा जेवतात?

"तिचं झाकून ठिव," धन्यकुमार म्हणाला. "खाईल मागनं."

"एकटी?"

"मग काय, आपण नेम मोडायचा?"

नेम मोडायचा नव्हता. तो गुणमालाचाही होता, नुसता सासूचा नव्हता. ती जेवली. घास गोड लागला नाही. वाढायला झोशाच उठली होती, उपाशी पोटी, हसत.

दिवस बुडाला. गुणमालानं आपलं ताट घासलं, पुसून कोरडं केलं आणि झोशाचं झाकलेलं पान घेऊन गच्चीवर गेली. दोन्ही शेजारी मांडली. एक भरलेलं, एक रिकामं.

"मी खाणार न्हाई," ती म्हणाली. "पण बसणार हाय."

झोशानं नाक ओढलं. ती जवळ सरकली.

मग जिन्यात खोकला ऐकू आला. बयाबाई गुडघ्यावर हात रोवत वर आल्या, काखेत रिकामं ताट. मागनं धन्यकुमार, त्याच्याही हातात ताट. तोंड मात्र ताकातल्या मिरचीसारखं.

"काय बघतीस?" बयाबाई सुनेला म्हणाल्या. "रातचं खायचं न्हाई, एवढंच नेमात हाय. बसायचं न्हाई असं कुठं हाय?"

चौघं आभाळाकडं तोंड करून बसली. उसाच्या फडावर अजून तांबडं होतं. दोन महिन्यांपूर्वी मोतीबिंदू काढलेल्या बयाबाईंनीच बोट वर केलं.

"ती बघ."

"आई, ग्रह हाय तो. चांदणी न्हाई."

"तू गप रं. पोर सकाळधरनं उपाशी हाय."

झोशानं पहिला घास खिरीचा घेतला. गच्चीवरचा दिवा लावला तशी दोन-चार चिलटं आली. बयाबाईंनी पदर सोडला आणि ती जेवेपर्यंत तिच्या पानावर वारा घालत राहिल्या, एखादा जीव त्यात पडू नये म्हणून.